फियाटचा डावा टेललाइट दर पावसाळ्यात का बिघडायचा आणि शेवटी तो कसा बसला

आमच्याकडे १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आरसीवर पद्मिनी लिहिलंय पण घरात सगळे फियाटच म्हणतात, बाबा तर अजून "फियाट काढ रे" असंच म्हणतात. गाडी चिपळूणला असते, म्हणजे वर्षातले चार महिने ती पाण्यात असते असं समजा. इंजिन मस्त आहे, १०८९ सीसीचं ते साधं इंजिन गावातला कुठलाही जुना मिस्त्री डोळे मिटून खोलतो, त्याची चिंता नाही. चिंता असते ती वायरिंगची आणि रबरांची. आणि माझा अनुभव असा की या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, पण हे कळायला मला चार पावसाळे लागले. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि एकच फॉल्ट परत परत येतो त्यांचे पैसे तरी वाचतील.

फॉल्ट असा. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की आठ-पंधरा दिवसांत डाव्या बाजूचा मागचा लाइट वेड्यासारखा करायला लागायचा. ब्रेक दाबला की ब्रेकलाइट नीट लागायचाच नाही, अंधुक लाल, आणि त्याच्या जोडीला डावा इंडिकेटर पण मिणमिण. डावा साइड दिला की टेललाइट उघडमीट करायचा. उजवी बाजू एकदम ठणठणीत. मला आत बसून यातलं काहीच दिसायचं नाही, बहादूरशेख नाक्यावर एक रिक्षावाला बाजूला येऊन ओरडला, "ओ शेठ, ब्रेक मारताय का वळताय ते नक्की करा!" तेव्हा कळलं.

पहिल्या वर्षी मी बल्ब बदलले. चारही. त्याने काय झालं, तर होल्डरमध्ये जुना बल्ब काढून नवीन घातल्याने जरा घासलं गेलं, आणि लाइट नीट लागला. मी खूश. दहा दिवसांनी परत तेच. मग आमच्या नेहमीच्या वायरिंगवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी फ्लॅशर (इंडिकेटर उघडमीट करणारी डबी) बदलला, कारण साइड नीट लागत नाही म्हणजे फ्लॅशर गेला हे त्यांचं ठरलेलं. फ्लॅशर बदलून काही झालं नाही. मग ते म्हणाले कॉम्बिनेशन स्विच गेलाय, स्टिअरिंगखालचा, तो मिळत नाही, कुर्ल्याहून मागवावा लागेल. मी मागवणारच होतो, नशीब तेव्हा पैसे नव्हते.

तर आधी हे समजून घ्या की असं का होतं, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे फॉल्ट तुम्ही घरीच ओळखाल. जुन्या गाडीत प्रत्येक बल्बला वायर एकच जाते, पॉझिटिव्ह. परत यायचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. बल्बचं पितळी बूड होल्डरला टेकतं, होल्डर लॅम्पच्या बॉडीला, लॅम्पची बॉडी स्क्रूने पत्र्याला, आणि पत्रा पुढे बॅटरीच्या निगेटिव्हला. याला आपण अर्थ म्हणतो. आता लॅम्प आणि पत्रा यांच्यामध्ये गंज आला, की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट परत कुठून जाणार? गटार तुंबलं की पाणी शेजारच्याच्या अंगणातून वाट काढतं ना, तसंच. त्याच लॅम्पमध्ये इंडिकेटरचा बल्ब आहे, त्याचं बूड त्याच बॉडीला टेकलेलं आहे, तर करंट त्या बल्बमधून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या वायरने पुढे जातो, आणि पुढच्या डाव्या इंडिकेटरच्या बल्बमधून पुढच्या पत्र्यात उतरतो. आणि दुसरी वाट म्हणजे टेलचं छोटं फिलामेंट, तिथून पार्किंगच्या वायरवर, आणि तिथून उजवा टेल, नंबरप्लेटचा दिवा, डॅशबोर्डचे मीटरचे दिवे, जे सापडेल त्यातून.

म्हणून एक फुकटची टेस्ट सांगतो. रात्री गाडीत बसा, सगळे लाइट बंद, इग्निशन ऑन, आणि ब्रेक दाबा. मीटरचे दिवे अगदी जरासे, विझत्या निखाऱ्यासारखे उजळले, तर मागच्या लॅम्पची अर्थ गेलीये. बल्ब नाही, फ्लॅशर नाही, स्विच तर नाहीच नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबा शेजारी बसले होते, म्हणाले "हे तर कधीपासून होतंय, मला वाटलं ब्रेक दाबला की आत दिवा लागायची सोय आहे." आता बोला.

दुसऱ्या वर्षी हे मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले अर्थ मी चेक केलीये, मल्टीमीटर बीप देतोय. आणि खरंच बीप देत होता. इथे फार लोक फसतात म्हणून जरा थांबून लिहितो. मल्टीमीटरची बीपवाली टेस्ट करताना त्यातून करंट जातो नावाला. तुटक्या वायरची एक तार जरी शिल्लक असली किंवा गंजाच्या मधून केसाएवढी वाट असली तरी बीप येणार. पण ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा आहे, त्याला पावणेदोन अँपिअर लागतात, आणि ते त्या केसाएवढ्या वाटेतून जात नाहीत. म्हणजे पायवाट आहे हे खरं पण तुम्हाला ट्रक न्यायचाय. तर अर्थ तपासायची ती लोड देऊन, लाइट चालू ठेवून.

पद्धत अशी. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिथे क्लॅम्पला (खुंटीवर आवळलेल्या वायरच्या पकडीला) नको, मधल्या शिशाच्या खुंटीला लावा, का ते पुढे सांगतो. बॅटरी पुढे बॉनेटमध्ये आणि लॅम्प मागे डिकीत, तर मीटरची वायर पुरत नाही, मी घरातली जुनी टीव्हीची वायर चार-पाच मीटर जोडली, कुठलीही चालेल. लाल टोक लॅम्पच्या बॉडीला किंवा बल्बच्या पितळी बुडाला. आता कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. रीडिंग ०.२ च्या आत असलं तर अर्थ चांगली. माझं आलं ४.१. बारा व्होल्टातले चार व्होल्ट गंजातच जिरत होते, बल्ब बिचारा काय करणार! उजवीकडे तीच टेस्ट केली तर ०.१.

मीटर नसेल तर त्याहून सोपं. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं लॅम्पच्या बॉडीला टेकवा. टेकवल्याक्षणी सगळं सुतासारखं सरळ झालं तर झालं निदान. फक्त वायर पॉझिटिव्हला लावू नका चुकून, ठिणगी अशी उडते की आठवण राहते.

दुसऱ्या वर्षी काकांनी मग अर्थची वेगळी वायर टाकून दिली. डिकीत लॅम्पच्या मागे पत्र्यात एक आपोआप आटे पाडणारा स्क्रू मारला, त्याला वायर गुंडाळली, वर काळी टेप. लाइट झकास. आठ-नऊ महिने झकास. आणि जुलैमध्ये परत बहादूरशेख नाका, परत कुणीतरी हात करतंय. तिसऱ्या वर्षीही तेच, नवा स्क्रू, नवी जागा, त्याच्या शेजारी. चौथ्या वर्षी मी डिकीतलं अस्तर उचललं तर पत्र्यावर दोन भोकं, दोन्हीत गंजलेले स्क्रू, आणि वायरीच्या टोकाचं तांबं हिरवं पडलेलं, देवळातल्या जुन्या समईसारखं. टेप ओली. हात लावला तर चिकट गोंद बोटांना आणि आत चक्क पाणी.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी चार वर्षं वायरच्या मागे लागलोय, आणि खरा प्रश्न हा आहे की डिकीत पाणी कुठून येतंय.

सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, डिकीचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, बदल. बीडिंग बदललं, नवं रबर, मस्त गच्च बसलं, डिकी लावायला दोन हात लागायला लागले. पाणी तरी आलंच. मग एका रविवारी ठरवलं, डिकीत बसून बघायचं. मागच्या सीटची पाठ काढून ठेवली (हे आधी करा, हवा पण येते आणि कुणी विसरून गेलं तर बाहेर पडायला वाट पण राहते), हातात टॉर्च घेऊन आत शिरलो आणि बायकोला म्हटलं, लाव डिकी. पद्मिनीची डिकी मोठी आहे म्हणतात, पण पंचेचाळिशीतल्या माणसासाठी ती तितकी मोठी नाही. पोरगा बाहेर बागेचा पाइप घेऊन. त्याला आधीच सांगून ठेवलेलं की खालून सुरुवात करायची आणि हळूहळू वर जायचं, प्रत्येक जागी दोन मिनिटं. हे महत्त्वाचं आहे. वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळतच नाही. खालून वर गेलात तर जिथे पहिला थेंब आत दिसेल, पाणी तिथूनच किंवा त्याच्या जरा वरून शिरतंय.

डिकीची खालची कड, काही नाही. बीडिंगचे कोपरे, काही नाही. पाइप डाव्या लॅम्पवर आला आणि अर्ध्या मिनिटात एक थेंब. लॅम्पच्या वरच्या कोपऱ्यातून, लॅम्प आणि पत्र्यामधल्या रबराच्या मागून. तो थेंब खाली पडलाच नाही, तो वायरीवर आला, वायरीच्या अंगाने सरसर चालत गेला, आणि वायर जिथे संपते तिथे जाऊन थांबला. वायर कुठे संपते? अर्थच्या स्क्रूवर. मी आत अंधारात पाठ वाकवून बसून बघतोय, थेंबामागून थेंब जातायत, प्रत्येक थेंब बरोबर त्या स्क्रूवर, अभिषेकपात्रातून पिंडीवर धार धरावी तसे. बाहेरून पोरगा विचारतोय "बाबा, झालं का?" आणि मी आत एकटाच हसतोय.

लॅम्पचं रबर काढलं तर ते रबर राहिलंच नव्हतं. करवंटीसारखं कडक, वरचा कोपरा तुटलेला, आणि कुणीतरी कधीतरी तिथे सफेद सिलिकॉन थापलेलं, तेही पत्र्यापासून सुटलेलं. एक सावधगिरी सांगतो, बाजारातलं साधं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते गाडीच्या पत्र्याला लावू नका. सुकताना त्यातून आम्ल निघतं आणि ते पत्रा आणि तांबं दोन्ही खातं. पाणी थांबवायला लावलं आणि त्यानेच गंज आणला असं होतं. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं मिळतं ते घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे काळी ब्युटाइल टेप, च्युइंगगमसारखी असते, कधी सुकत नाही आणि परत काढता येते.

रबर कुठे मिळालं? तयार मिळतं, मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधलं तर मिळतं, पुण्याचा एक मित्र नाना पेठेतून आणतो. पण कधीकधी मिळणारं 'नवीन' रबर पण वीस वर्षं दुकानात पडून कडक झालेलं असतं, घेताना दुमडून बघा, दुमडल्या जागी चिरा दिसल्या तर परत द्या. मी शेवटी घरीच केलं. ट्रकच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरवाल्याकडून आणला, जुन्या रबराचे तुकडे कागदावर जुळवून पेन्सिलने आकार काढला, कात्रीने कापलं, स्क्रूची भोकं गरम खिळ्याने पाडली. पहिला तुकडा जरा लहान झाला, दुसरा बसला. सायकलची ट्यूब फार पातळ पडते, ट्रकचीच घ्या. स्क्रू घट्ट करताना एका बाजूने पिळत जाऊ नका, आलटून पालटून थोडे थोडे, नाहीतर रबर एका बाजूला पळतं, आणि लेन्सचं प्लॅस्टिक जुनं असतं, एक चिर गेली की नवी लेन्स शोधत फिरा.

आणि वायरला मी एक झोल दिला, म्हणजे स्क्रूकडे जायच्या आधी वायर खाली लोंबती ठेवली आणि मग वर नेऊन जोडली. उद्या परत कधी पाणी आलंच तर ते झोलाच्या तळाला ठिबकेल, जोडावर जाणार नाही. घरात वीज मंडळाची वायर भिंतीतून आत घेताना बाहेर असाच झोल ठेवतात, बघा कधी.

आता अर्थचा जोड. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, नेहमी निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह काढताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर शॉर्ट होतो, निगेटिव्ह आधी काढला असेल तर टेकला तरी काही होत नाही. मग पत्र्यावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, रंग, प्रायमर, गंज सगळं जाऊ दे, पांढरा पत्रा दिसला पाहिजे. मी आपोआप आटे पाडणारा स्क्रू वापरला नाही, पातळ पत्र्यात तो दोन-तीन आटेच धरतो आणि गाडीच्या थरथरीने सैल होतो. जुन्याच भोकातलं एक मोठं करून ६ मिलिमीटरचा नटबोल्ट टाकला, मध्ये दातेरी वॉशर, जो पत्र्यात रुततो. वायरच्या टोकाला गोल थिंबल, म्हणजे धातूची कडी, ते पकडीने दाबून आणि वर थोडं सोल्डर. आवळून झाल्यावर, आधी नाही, वरून व्हॅसलीनचा जाड थर. सगळा खर्च मिळून शंभर-दीडशेच्या आत.

रीडिंग घेतलं, ब्रेक दाबून, ०.०८. आणि गंमत म्हणजे पेट्रोलचा काटा जो गेली कित्येक वर्षं थरथरायचा तो पण शांत झाला. टाकीतल्या फ्लोटला पण अर्थ लागतेच की, ती पण त्याच भागातल्या पत्र्यावर होती.

हे झाल्यावर मला चटकच लागली आणि मी पुढची अर्थ पण बघितली. वर म्हटलं ना मीटर क्लॅम्पला लावू नका, ते याचसाठी. बॅटरीची खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये एक काळसर थर बसतो, बाहेरून कळत नाही. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक खुंटीला, दुसरं क्लॅम्पलाच लावा, तिथे अर्धा व्होल्ट दिसला म्हणजे बॅटरी मेली नाहीये, क्लॅम्प घाण आहे. नवी बॅटरी घ्यायच्या आधी पाच मिनिटं हे करा. तसंच इंजिन आणि बॉडीमध्ये एक विणलेली तांब्याची पट्टी असते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे पत्र्यापासून वेगळंच, त्याची अर्थ या पट्टीनेच. ती तुटली तर सेल्फचा एवढा मोठा करंट चोकच्या आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जायला बघतो. सेल्फ मरगळलेला आणि मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागतेय, असं असेल तर दुसरं काही बघू नका.

हेडलाइट मंद, ही अजून एक कायमची तक्रार. लोक काय करतात तर ९०/१०० वॅटचे बल्ब टाकतात. नका टाकू. एक तर ते कायद्यात बसत नाही, आणि दुसरं म्हणजे जुन्या वायरी आणि डॅशचा स्विच तो करंट झेपवायला बनलेलेच नाहीत, स्विच वितळल्याचा वास एकदा आलेला माणूस परत टाकत नाही. आधी इंजिन चालू ठेवून बल्बच्या पिनांवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर ११ असेल तर बल्ब बिचारा निर्दोष आहे. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो, त्यामुळे हा फरक डोळ्याला लगेच कळतो. उपाय रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दोन रिले, एक लो, एक हाय. ३० नंबरची पिन बॅटरीवरून फ्यूजमधून, ८७ बल्बकडे, ८६ ला डिपरची (लो-हाय बदलायच्या स्विचची) जुनी वायर, ८५ अर्थ. म्हणजे जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, ओझं रिले उचलतो. वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची घ्या. मी जुनी वायरिंग कापली नाही, हेडलाइटच्या मागच्या सॉकेटमध्ये मध्ये घुसवलं, उद्या कुणाला मूळ स्थितीत पाहिजे असेल तर काढून फेकता येईल. डायनॅमोवाली (अल्टरनेटरऐवजी डायनॅमोने बॅटरी चार्ज होणारी) जुनी गाडी असेल तर सिग्नलला उभं असताना लाइट मंद होणं हे आजारपण नाही, आयडलिंगला डायनॅमो पुरेसं देतच नाही, रेस केल्यावर उजळला की ठीक आहे.

फ्यूजचं पण सांगून टाकतो. त्या दोन्ही टोकांना निमुळत्या, बंदुकीच्या गोळीसारख्या फ्यूज असतात ना, पांढरी ८ अँपिअरची, लाल १६ ची. त्या पितळी पट्ट्यांच्या चिमट्यात नुसत्या धरलेल्या असतात. पट्टी काळी पडते, सैल होते, आणि मग "फ्यूज बोटाने फिरवली की वायपर चालू होतो" हा प्रकार. फिरवून गाडी घरी आणा, पण त्याला रिपेअर म्हणू नका. सैल जोड गरम होतो, गरम झाला की फ्यूजचं प्लॅस्टिक मऊ पडतं, मऊ पडलं की अजून सैल, असं चक्र चालू होतं. पट्ट्या घासा, बॅटरी काढून चिमटा हळूच आत वाकवा, आणि मिळाल्या तर चिनीमातीच्या फ्यूज घाला, त्या मऊ पडत नाहीत. ८ च्या जागी १६ ची किंवा सिगरेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून घालणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही, त्यांच्यासाठी एक फायर एक्स्टिंग्विशर सुचवतो.

मागे एलईडी बल्ब टाकायची हौस असेल तर हे लक्षात घ्या की जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने गरम होऊन टिकटिकतो. एलईडी करंटच खात नाही, म्हणून साइड एकतर लागूनच राहतो नाहीतर लागतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा, काम होतं. माझं मत विचाराल तर पिवळा साधा बल्बच छान दिसतो त्या लॅम्पात.

फिटिंगमध्ये दरवाजा. ड्रायव्हरचा दरवाजा खाली आलाय, लावताना उचलून आपटावा लागतो, ही सगळ्या पद्मिन्यांची कथा. डेंटिंगवाला पहिल्यांदा काय करतो तर खांबावरची लॉकची पट्टी सरकवतो. लॉक लागतं, पण दरवाजा तिरकाच राहतो, वरून फट, फटीतून पाणी, आणि पाणी आत आलं की परत डॅशखालच्या वायरिंगपर्यंत. आधी दरवाजा अर्धा उघडून कड दोन्ही हातांनी वर-खाली करून बघा. बिजागरीपाशी खटखट वाजली तर बिजागरीची पिन झिजलीये, पिन आणि बुश बदला, लेथवाला करून देतो. बिजागरी वाजत नाही पण बिजागरीच्या मागचा पत्राच हलतो, तर खांब सडलाय, ते मात्र वेल्डिंगचं काम, घरी नाही. आणि काही वाजत नाही, हलत नाही, मगच लॉकच्या पट्टीला हात लावा. बाबा सांगतात की त्यांच्या लहानपणीच्या डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे उलटे, मागून बिजागरी असलेले होते, चालत्या गाडीत उघडला तर वाऱ्याने पार मागे जायचा. त्या मानाने आपलं बरं आहे म्हणायचं.

दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात, ती माती आणि रंगाने बुजतात, सायकलच्या तारेने मे महिन्यात मोकळी करा. दरवाजा हलवल्यावर आत खळखळ आवाज येतोय म्हणजे आत पाणी साठलंय, तो आवाज फार लोक गाणं समजून सोडून देतात.

उंदरांवर उपाय मला सापडलेला नाही. डांबर गोळ्या ठेवल्या तर उंदीर जातात की नाही माहीत नाही, पण बायको गाडीत बसत नाही.

तर लॅम्पचं काम करून आता दोन पावसाळे झाले. डिकीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर तारीख आणि डाव्या लॅम्पचं रीडिंग लिहून ठेवतो. मागच्या जूनला ०.०८, सप्टेंबरला ०.०९, या जूनला ०.०९. काकांना तो कागद दाखवला, ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग आता उजवीकडचं रबर पण करून घे, ते पण त्याच वयाचं आहे." ट्यूबचा तुकडा उरलाय, पुढच्या रविवारी करतो.